नव्या कोरलचा सव्वा महिना

माझं पहिलं कोरल, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये ठेवायचं जिवंत प्रवाळ, नऊ दिवस जगलं. ते जगायची खटपट करत होतं आणि मीच त्याला जगू देत नव्हते, हे कळायला पुढे दोन वर्षं जावी लागली.

मुंबईहून रात्रीत आलेला थर्माकोलचा डबा सकाळी साडेसहाला ओट्यावर उघडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी आणि पिशवीत बशीएवढं लेदर कोरल. पूर्ण फुललं की छत्रीसारखं दिसतं, पण त्या वेळी वाळक्या अळंबीसारखं मिटून बसलं होतं. सासूबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या. "एवढंसंच? आणि ह्याला तीन हजार?"

मी ते तसंच मोठ्या टँकमध्ये, सगळ्यात वरच्या दगडावर, दिव्याच्या अगदी खाली ठेवलं. दुपारपर्यंत उघडलं नाही म्हणून खाली आणलं. रात्री डावीकडे सरकवलं. तिसऱ्या दिवशी अंगावर मेणासारखा पापुद्रा आला. मला वाटलं बुरशी, म्हणून जुन्या टूथब्रशने घासून काढला. नवव्या दिवशी हॉलमध्ये सडक्या अंड्याचा वास.

साप कात टाकतो तसं लेदर कोरल अंगावरचा पापुद्रा टाकतं. त्या काळात ते काही दिवस, कधी आठवडाभराहून जास्त मिटून राहतं, आणि पापुद्रा गेला की पुन्हा उमलतं. मी त्याची कात ओरबाडून काढली होती.

पुढच्या वेळी डबा आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला सव्वा महिना कोणी हलवत नाही. तुझं तर समुद्र ओलांडून आलंय. त्याला जरा पडू दे की स्वस्थ." त्यांनी हे चेष्टेत म्हटलं होतं. पण नव्या कोरलसाठी लागणारा क्वारंटाइनचा काळ जवळजवळ तेवढाच असतो, आणि त्याला कारणही आहे, ते पुढे येईलच. आमच्या घरात क्वारंटाइन टँकला तेव्हापासून 'बाळंतिणीची खोली' म्हणतात.

आधी कागद

बडोद्याच्या माणसाला कोरल म्हटलं की जामनगर आठवतं. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ पासून आहे, ओहोटीच्या वेळी नरारा बेटाच्या खडकांवरून चालत जिवंत कोरल बघता येतं, आणि ओखामंडळ तर एके काळी बडोदे संस्थानातच होतं. गायकवाड सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवांच्या अभ्यासकाकडून तिथल्या समुद्राची पाहणी करून घेतली होती. त्याच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. आपल्या संस्थानाने कोरलकडे लक्ष दिलं ते असं, कागदावर. तिथला एक तुकडाही खिशात घालून घरी आणू नका. खडक बांधणारी सगळी कडक कोरल, काळी कोरल आणि सी फॅन ही २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही.

परदेशातून येणारी कडक कोरल साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, त्यांना निर्यातीचे आणि आयातीचे परवाने लागतात. दुकानदार "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथून निघा. नवशिक्यांना माझा सल्ला असा की सुरुवात मऊ कोरलपासून करा: मशरूम, झोअँथिड (दुकानात 'झोआ' म्हणतात), लेदर. ही साइटिसच्या यादीत नाहीत, ती चिवटही असतात, आणि चुका करायला आपल्याला जागा मिळते. मी स्वतः मऊच पाळते. कडक कोरलचा मोह झालाच तर आधी वन खात्याकडे चौकशी करा. खालची बहुतेक कृती दोघांनाही सारखीच लागू आहे.

पार्सल येण्याआधी

हे सगळं डबा यायच्या किमान तीन आठवडे आधी तयार हवं. मोठा टँक चालू होऊन चार-सहा महिने झाले नसतील तर कोरल मागवूच नका.

क्वारंटाइनसाठी दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच एवढी काच पुरते. त्यात बेचाळीस लिटरच्या आसपास पाणी मावतं. वाळू नको, दगड नको, तळ उघडा असू द्या म्हणजे खाली काय पडलंय ते दिसतं. छोटा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), हीटर, थर्मामीटर, मंद करता येणारा दिवा, आणि कोरल ठेवायला प्लास्टिकची चौकटीची जाळी. फिल्टर म्हणून एक साधा स्पंज मोठ्या टँकच्या सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) तीन-चार आठवडे आधी टाकून ठेवा. त्यावर जिवाणू बसतात आणि तोच स्पंज इथे आणला की अमोनिया पचवायची सोय होते. ही एक गोष्ट आयत्या वेळी जमत नाही, बाकी सगळी दुकानात मिळते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच सगळे फसतात. आजव्याचं पाणी असो, महीचं असो की सोसायटीच्या बोअरचं, नळाचं पाणी कोरलच्या टँकला चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात तर क्षारांची खिचडी. "आमच्याकडे आर.ओ. आहे" हे वाक्य मी प्रत्येक नव्या माणसाकडून ऐकते. स्वयंपाकघरातला आर.ओ. पिण्यासाठी असतो. चव यावी म्हणून त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले किंवा परत मिसळलेले असतात. टीडीएसचं पेन बुडवलं की साठ-सत्तर दाखवतं. आपल्याला शून्य हवं. त्यासाठी आर.ओ.च्या पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डी.आय. रेझिनचं नळकांडं लागतं. रेझिन रंग बदलतं, बदललं की बदला.

आणि हे पाणी कशात साठवता? आमच्याकडे जुनं तांब्याचं घंगाळ आहे, दिसायला सुंदर. एकदा सासूबाईंनी कौतुकाने आर.ओ.चं पाणी त्यात भरून ठेवलं, "तांब्याचं पाणी चांगलं असतं" म्हणून. माणसाला असेल. कोरल, गोगलगायी, कोळंबी यांना तांबं विष आहे, अगदी थोडंसुद्धा. पितळही नको. खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेले प्लास्टिकचे ड्रम घ्या आणि त्यावर मार्करने 'फक्त टँक' लिहा.

पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. रीफ सॉल्ट (समुद्राचं पाणी बनवायचं मीठ) लिटरमागे साधारण पस्तीस ते अडतीस ग्रॅम लागतं, नेमकं प्रमाण डब्यावर असतं. वेव्हमेकर सोडून चोवीस तास फिरू द्या, मग मोजा. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट पाच-दहा पीपीएम चालतं. शून्य नायट्रेट आणि शून्य फॉस्फेट असलेल्या 'स्वच्छ' पाण्यात कोरल उपाशी राहतं, हे माझ्यासारख्या घर घासूनपुसून ठेवणाऱ्या बाईला पटायला वेळ लागला. रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) शून्याच्या पाण्यावर नव्हे, पस्तीस पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते रोज तेच राहायला हवेत. डीकेएच आज साडेसात आणि उद्या दहा, यापेक्षा रोज साडेसात बरं.

पहिला तास

पार्सल शक्यतो सकाळी उतरेल असं बघा, आणि मे महिन्यात मागवूच नका. त्रेचाळीस अंशांत स्टेशनच्या फलाटावर अर्धा तास डबा पडून राहिला तर आत काय होतं ते सांगायला नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बडोद्यात कोरल मागवायचा काळ. मात्र त्या दिवसांत डब्यात गरम पाउच टाकायला सांगा.

डबा खोलीतला दिवा मंद करून उघडा. कोरल एक-दोन दिवस अंधारात होतं.

पिशवी लगेच फोडू नका. क्वारंटाइनच्या तापमानाचं पाणी बादलीत घेऊन त्यात बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. टँकमध्ये तरंगवू नका, पिशवीची बाहेरची बाजू कुठे कुठे फिरून आलेली असते.

मग पिशवी फोडली की घाई करायची. इथे बरेच जण उलटं करतात. माशांसारखं थेंब थेंब पाणी दोन-दोन तास सोडत बसतात. पिशवी बंद असते तोवर श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात कोंडून राहतो आणि पीएच खाली येतो. पीएच खाली असला की साचलेल्या अमोनियाचा मोठा भाग अमोनियमच्या रूपात असतो, ते त्या मानाने निरुपद्रवी. पिशवी उघडली, वायू उडाला, पीएच चढू लागला की तोच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होतो. म्हणजे आपण प्रेमाने थेंब मोजत बसतो आणि कोरल त्याच घाण पाण्यात भाजत राहतं.

मी काय करते: पिशवी टबमध्ये ओतते, लगेच क्षारता मोजते. आपल्या पाण्याशी फरक ०.००२ च्या आत असेल तर सरळ पुढच्या टबात. जास्त असेल तर पिशवीतलं अर्धं पाणी फेकून आपलं पाणी कपाकपाने वीस-पंचवीस मिनिटांत मिसळते. पिशवीतलं पाणी बाथरूममध्ये ओता, टँकमध्ये त्याचा एक थेंबही नको.

वास घ्या. हे कुठल्याच पुस्तकी यादीत नसतं, पण माझा यावर फार विश्वास. बऱ्या कोरलच्या पिशवीला समुद्राचा, थोडा सुकटीसारखा वास येतो. नाक मागे घ्यावंसं वाटलं तर त्या तुकड्याचा काही भाग आधीच सडतोय. तो लगेच वेगळा काढा, सडका भाग निरोगी भागात थोडं आत जाऊन कापा. पिशवीतला चिकट शेंबूड बघून घाबरू नका, प्रवासात सगळीच कोरल तो सोडतात.

डिप, भिंग आणि चकली

डिप म्हणजे औषधाच्या पाण्यात कोरलला आंघोळ. बाजारात तयार औषधं मिळतात, काही आयोडीनची, काही वनस्पतींच्या तेलांची. मात्रा आणि वेळ बाटलीवर दिलेली असते, तेवढीच. "थोडं जास्त टाकलं तर जास्त साफ होईल" हा कपडे धुण्याचा हिशेब इथे चालत नाही.

तीन टब ओळीने मांडा. पहिल्यात औषध, दुसऱ्या-तिसऱ्यात टँकचं साधं पाणी. कोरल औषधात असताना मोठ्या ड्रॉपरने किंवा रंगपंचमीच्या स्वच्छ, नव्या पिचकारीने त्याच्या अंगावर, फटींत, बुडाखाली पाण्याचे फवारे मारा. पांढरा टब घ्या. काय काय गळून पडतं ते पांढऱ्यावर दिसतं: किडे, छोटे खेकडे, गोगलगायी, आणि नशीब वाईट असेल तर न्यूडीब्रँक.

झोआ खाणारी न्यूडीब्रँक ही अर्धा-एक सेंटिमीटरची बिनकवचाची गोगलगाय. ज्या रंगाच्या झोआ खाते त्या रंगाची होते. अंगावर बोटांसारखे धागे असतात, म्हणून मिटलेल्या झोआमध्ये बसली की झोआच वाटते. दिवसा लपते, रात्री जेवते. माझ्या दुसऱ्या खेपेला हिरव्या झोआंचा एक तुकडा आला होता, वीसेक तोंडं. डिप केलं, दोन न्यूडीब्रँक पडल्या, मी खूश. सहज म्हणून सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग आणलं आणि तुकडा उलटा केला. एका देठाच्या खालच्या बाजूला पांढुरकी, बारीक, गोल गोल वळलेली दोरी चिकटलेली. नखाच्या टोकाएवढी चकली. तिच्यात अंडी होती, कितीतरी.

डिपने मोठे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. सव्वा महिना लागतो तो यासाठी. अंडी साधारण आठवड्याच्या आगेमागे फुटतात, काही किडींची याहून उशिरा. म्हणून दर सहा-सात दिवसांनी पुन्हा डिप करायचं: आधीच्या वेळी अंड्यात असलेली पिल्लं या वेळी बाहेर आलेली असतात आणि अजून स्वतः अंडी घालायच्या वयाची झालेली नसतात. अशी पाचेक आवर्तनं केली की सव्वा महिना होतो. एका डिपने काम झालं म्हणणाऱ्यांच्या टँकमध्ये दोन महिन्यांनी झोआ का मिटतात, त्याचं उत्तर त्या चकलीत असतं.

दिसलेली अंडी चिमट्याने किंवा ब्लेडने खरवडून काढा. आणि कोरल ज्या प्लगवर, म्हणजे छोट्या बैठकीवर, आलंय तो प्लग शक्य असेल तर टाकून द्या. किडी, एपटेशिया नावाची काचेसारखी पारदर्शक, झपाट्याने वाढणारी सी ॲनिमोनी, बारीक नळ्या करून जाळं सोडणाऱ्या गोगलगायी, नको असलेलं शेवाळ, सगळ्यांचा संसार त्या प्लगच्या बुडाशी असतो. कोरल सोडवून नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा. पातळ सुपरग्लू नको, तो पाण्यात पसरतो. लेदर आणि मशरूम बुळबुळीत असल्याने ग्लूने धरत नाहीत. त्यांना कुस्करलेल्या कोरल-चुऱ्याच्या वाटीत ठेवा, आठ-दहा दिवसांत ती आपणच एखादा खडा धरतात.

आता एक गोष्ट हसतखेळत सांगण्यासारखी नाही. झोआ आणि त्यांची मोठी बहीण पॅलिथोआ यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू नका, खरवडू नका. हाताला कापलेलं असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या. आणि झोआ लागलेला दगड साफ करण्यासाठी कधीही, कधीही उकळू नका किंवा त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून ते विष श्वासात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात जाऊ शकतं. टब, चिमटे, ब्रश स्वयंपाकघरातले वापरू नका, आणि त्या ओट्यावर तर मीही पुन्हा कधी काम केलं नाही. आता सगळं अगाशीत, नळाशेजारी.

पहिला आठवडा: हात मागे

कोरल जाळीवर ठेवलं, आता लांब बसा.

दिवा. बहुतेक नवी कोरल अंधाराने मरत नाहीत, उजेडाने मरतात. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न करतात आणि कोरलला देतात. प्रवासात अंधार झाला की ती शैवालं मंद उजेडासाठी स्वतःला जुळवून घेतात. त्यांच्यावर एकदम पूर्ण प्रकाश पाडला की अन्नाबरोबर घातक ऑक्सिजन-रेणूही बेसुमार तयार होतात, आणि कोरल आपल्याच पोशिंद्याला बाहेर हाकलतं. पांढरं पडतं. पार मीटर (शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश मोजणारं यंत्र) असेल तर पन्नासच्या आसपास ठेवा. नसेल तर दिवा तीस टक्क्यांवर, दिवसाला सहा तास. दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा वाढवत तीन आठवड्यांत नेहमीच्या पातळीवर आणा. आलेलं कोरल तपकिरी असेल तर निराश होऊ नका. तपकिरी म्हणजे शैवाल भरपूर आहे, रंग नंतर येतो. पांढरं पडणं जास्त वाईट.

प्रवाह. पाणी हलायला हवं पण थेट धार नको. वेव्हमेकर समोरच्या काचेवर रोखा, आपटून परत येणारं पाणी कोरलला मिळेल असा. मशरूमला अगदी कमी, लेदरला जास्त. पापुद्रा टाकत असलेल्या लेदरकडे प्रवाह किंचित वाढवा, तो आपोआप सुटून वाहून जाईल. ब्रश नाही.

खाणं. पहिले सात-आठ दिवस काही नाही. मिटलेलं कोरल खात नाही, टाकलेलं कुजतं, छोट्या टँकमध्ये अमोनिया चढतो. "उपाशी राहील ना गं ते," हा प्रश्न घरातून येईल. त्याचं जेवण दिव्यातून चाललंय.

आणि सरकवणं. एकदा ठेवलं की निदान दहा दिवस हात नाही लावायचा, डिपसाठी उचलायचं तेवढंच, आणि त्याच जागी परत. मला हे जमेना, म्हणून मी दुरून काय बघायचं ते ठरवून घेतलं. सकाळी दिवा लागायच्या आधी टॉर्चवर लाल जिलेटीन लावून एक फेरी: न्यूडीब्रँक, समुद्री कोळी, फिरणाऱ्या गोगलगायी त्याच वेळी सापडतात. संध्याकाळी एक फोटो, रोज त्याच जागेवरून. आठवड्याने फोटो ओळीने लावले की कळतं, ते हळूहळू उघडतंय की आक्रसतंय. रोज डोळ्यांनी बघून ते कळत नाही, आपल्या मनाला जे वाटतं तेच दिसतं.

घाबरायचं कधी? मांस देठापासून किंवा सांगाड्यापासून सुटून लोंबतंय, किंवा त्यावर तपकिरी, जेलीसारखा गोळा साचलाय जो हलवला की धुरासारखा उडतो. जेली दिसली तर वेव्हमेकर आधी बंद करा, नाहीतर ती शेजारच्यांवर पसरते. नळीने ओढून घ्या, खराब भाग कापा, आयोडीनचं डिप द्या, वेगळ्या भांड्यात ठेवा. कडक कोरलमध्ये हे दिवसभरात सगळं संपवू शकतं, उद्यावर टाकू नका. नुसतं मिटून बसलेलं कोरल मात्र आजारी नसतं. बसू द्या.

पुढचे चार आठवडे

इथे सांगण्यासारखं फार नाही. आठवड्याला एक डिप, दहा-पंधरा टक्के पाणी बदल, दोनदा टेस्ट. उडालेल्या पाण्याची भर रोज मीठ न घातलेल्या, डी.आय.मधून काढलेल्या आर.ओ. पाण्याने, खाऱ्या पाण्याने नाही. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं खाणं, आठवड्यातून दोनदा, उरलेलं ओढून काढायचं. नवा किडा सापडला तर मोजणी पुन्हा एकपासून. मी एकदा तिसऱ्या आठवड्यात एक एपटेशिया बघितली आणि "एकच तर आहे" म्हणून सोडून दिली. त्या एकीच्या आता माझ्या मोठ्या टँकमध्ये चाळीसेक लेकी-नाती आहेत.

ऊन, मांजा, डास

बडोद्याच्या माणसाने हा भाग वाचावाच.

उन्हाळ्यात चिलर नसेल तर पाण्यावर पंखा लावतात. पाणी उडतं, दोन-तीन अंश उतरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे छान चालतं. जुलै लागला, हवा दमट झाली की पाणी उडतच नाही आणि पंखा नुसता आवाज करतो. म्हणजे पंख्याच्या भरवशावर मे काढलेली माणसं जुलैत पकडली जातात. तापमान तीसच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर नवं कोरल टिकत नाही. चिलर परवडत नसेल तर ज्या खोलीत एसी चालतो त्या खोलीत टँक ठेवा. क्वारंटाइनचा छोटा टँक मोठ्यापेक्षा लवकर तापतो आणि लवकर गारही होतो, जानेवारीच्या रात्री हीटर हवाच.

वीज जाण्याचे आमचे दोन हंगाम: पावसाळा आणि उत्तरायण. चौदा आणि पंधरा जानेवारीला तारांत मांजा अडकतो, कुठे ना कुठे ठिणगी उडते, आणि ऐन "काप्यो छे"च्या आरोळीत घरातला पंपांचा आवाज थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती चटकन आली नाही. तेव्हापासून माझी मांडणी अशी: इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर. दिवा दोन दिवस नसला तरी कोरल काही म्हणत नाही, पाणी मात्र थांबता कामा नये, ऑक्सिजन त्यातूनच येतो. बॅटरीवर चालणारा एअरपंप जास्तीचे सेल घेऊन कपाटात. फ्रीजरमध्ये बर्फाच्या दोन बंद बाटल्या उन्हाळाभर. बाटली तरंगवायची, बर्फ पाण्यात टाकायचा नाही.

तिसरा शत्रू डास. पावसाळ्यानंतर सोसायटीत फॉगिंगची गाडी येते, घराघरांत स्प्रे आणि कॉइल. या औषधांतली पायरेथ्रॉइड रसायनं पाण्यातल्या कोळंबी-खेकड्यांना फार मारक असतात आणि एअरपंप ती खोलीतल्या हवेतून थेट पाण्यात ओढतो. फॉगिंगचा आवाज आला की खिडक्या बंद, एअरपंप बंद, टँकवर ओली चादर. खोलीत स्प्रे मारायचाच नाही, मच्छरदाणी लावा. हाताला डासांचं क्रीम किंवा साबण लागलेला असेल तर हात टँकमध्ये घालू नका.

मोठ्या घरात

पाच आठवडे झाले, शेवटच्या दोन डिपमध्ये काही पडलं नाही, कोरल रोज उघडतंय, प्लगवर थोडं तरी पसरलंय. आता हलवा.

हलवण्याआधी दोन्ही टँकचं तापमान, क्षारता, डीकेएच जुळवा, शेवटच्या आठवड्यातले पाणी बदल मोठ्या टँकच्याच पाण्याने केले की हे आपोआप होतं. शेवटचं एक डिप द्या. मोठ्या टँकमध्येही पहिले आठ दिवस तळाला, वाळूवर, सावलीच्या बाजूला. मग पायरी पायरीने वर. शेजाऱ्यांपासून अंतर ठेवा. मऊ कोरल पाण्यात रसायनं सोडून भांडतात, म्हणून सम्पमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवा आणि महिन्याला बदला. कडक कोरलमधल्या काहींचे दंश करणारे धागे रात्री वीतभर लांब येतात, दिवसा त्याचा पत्ताही लागत नाही. मशरूम आणि झोआ पसरतात, त्यांना मुख्य दगडाला चिकटू देऊ नका. वाळूत वेगळा दगड देऊन त्याचं बेट करा, नाहीतर वर्षभरात टँकमध्ये तेच उरतात.

बाळंतिणीची खोली रिकामी झाली की पाणी ओतून द्या. काच, जाळी, टब, पिचकारी गोड्या पाण्याने धुवा आणि अगाशीत दोन दिवस कडक उन्हात वाळवा, खाऱ्या पाण्यातल्या किडी त्यात टिकत नाहीत. स्पंज मात्र वाळवून परत सम्पमध्ये टाका, पुढचा डबा येईपर्यंत त्यावर पुन्हा जिवाणू बसायला हवेत. हीटर आणि वेव्हमेकर एकाच डब्यात, डब्यावर तारीख. माझ्या डब्यावर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलंय: 'खोली रिकामी. पुढची कधी?'